चुन्याच्या रेघेच्या दोन कुंड्या

गनीभाईंना यावलात आजवर कोणी खोटं पाडलं नव्हतं, निदान केळीच्या बाबतीत तरी नाही. फैजपूर रस्त्याला प्रेमराज शेठचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे ते अडतीस वर्षं पिकवणीचे उस्ताद. घडावर अंगठा दाबायचे आणि सांगायचे, परवा सकाळी दहाला माल उतरवा. दहाला म्हणजे दहालाच. चेंबरमध्ये गॅस किती सोडायचा, दार किती तास बंद ठेवायचं, कधी उघडून हवा बदलायची, सगळं त्यांच्या बोटांवर. अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे घरातही माघार घ्यायची सवय लावून घ्यावी लागते, आणि अनवरीने ती पस्तीस वर्षांत चांगली लावून घेतली होती. एक गच्ची तेवढी तिने स्वतःकडे राखून ठेवली होती.

गच्चीवर तिच्या साठ-सत्तर कुंड्या. शाळा सातवीतच सुटलेली, पण कुठल्या झाडाला कधी पाणी नको हे ती लांबून पाहून सांगायची. गल्लीतल्या बायका मरायला टेकलेला मोगरा तिच्याकडे आणून ठेवत आणि महिन्याभराने फुललेला घेऊन जात. गनीभाईंच्या लेखी मात्र हा सगळा पाण्याचा नास होता. टाकी रिकामी झाली की ते खालूनच विचारायचे, झाडांची आंघोळ झाली असेल तर माणसांची होऊ दे का.

थोरला सैफ केळीचा ट्रक घेऊन काश्मीरला जातो आणि येताना सफरचंद भरून आणतो. मागच्या साली त्याने तिकडच्या एका रोपवाटिकेतून आईसाठी पिशवीभर ट्युलिपचे कंद आणले. रोपवाटिकावाल्याने त्याला बजावलं होतं की या कंदांना दहा-अकरा आठवडे हिवाळा दाखवायचा, चार-पाच डिग्रीचा, कोरडा आणि अंधारातला. मगच कुंडीत लावायचे, नाहीतर फूल धरणार नाही. आता यावलात चार डिग्री आणायची कुठून? इथे डिसेंबरात सकाळी घातलेला स्वेटर दुपारी खांद्यावर येतो. गनीभाई जेवता जेवता हे ऐकत होते. हात न धुताच म्हणाले, हिवाळा मी देतो.

चेंबरच्या बोळातच एक छोटी खोली होती. सैफच्या गाडीतून आलेली सफरचंदं तिथे चार डिग्रीवर राहत. गनीभाईंनी तिथली एक फळी मोकळी केली, झटकून पुसली, आणि कंदांच्या पिशव्या स्वतःच्या हातांनी रचल्या. तिच्या झाडांसाठी नवऱ्याने काही करावं, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. अनवरी आठ दिवस त्याच आनंदात होती, आणि त्याच भरात तिने दीपनगरच्या पुष्पप्रदर्शनात नाव देऊन टाकलं. तिथल्या वीजकेंद्राच्या वसाहतीतली मंडळी दर जानेवारीत ते भरवतात, भुसावळपासून लोक येतात.

कंदांना पानं आली, छान रुंद, हिरवीगार. पानांच्या पोटात कळ्याही दिसल्या. आणि मग एकेक कळी तिथल्या तिथे वाळली, कांद्याच्या सालीसारखी कागदी झाली. नाव दिलेलं, म्हणून अनवरी नुसत्या पानांच्या कुंड्या घेऊन गेली. प्रदर्शनाच्या चिटणीस सुलक्षणाताई टेबलापाशी थांबल्या, वाकून पाहिलं आणि विचारलं, "लसूण गावरान आहे का हो?" त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्यांना खरंच तसं वाटलं. पण मांडव हसला तो हसलाच. अनवरीही हसली, आणि घरी येईपर्यंत कोणाशी बोलली नाही. गनीभाईंनी निकाल दिला की कांद्यांतच दम नव्हता. थंडी तर अस्सल होती, त्यांच्या हातची.

या साली सैफने पुन्हा कंद आणले, मोजून छत्तीस, लाल आणि पिवळ्या फुलांचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अनवरी ते घेऊन कोल्ड स्टोरेजवर गेली. गनीभाईंनी फळी आधीच पुसून ठेवली होती.

दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा असते. झुलालभाऊ हा धुळ्याकडचा जुना हमाल दर वर्षी हार बांधतो, एक बाहेरच्या फाटकाला आणि एक आत बोळात, चेंबरच्या दाराला. झेंडूचे हार, मध्ये मध्ये गुलाब. फाटकातून आत येताना अनवरीने हाराकडे सहज पाहिलं होतं, गुलाब टवटवीत होते. बोळात पाय टाकला तर तिथल्या हारात झेंडू जागच्या जागी आणि गुलाबांचे नुसते देठ. पाकळ्यांचा सडा खाली फरशीवर पडला होता. तिने झुलालभाऊला विचारलं, हा हार शिळा होता का?

"नही भाभी, दोन्ही हार एकच टोपलीना शेतस," झुलालभाऊ म्हणाला. "काल सांजले मीच बांधात. बाहेरना जसाना तसा शे, आन आठला बठ्ठा गुलाब खाले पडी गयात. दरसाल असंच व्हस."

दरसाल असंच होतं, आणि दरसाल तो पाकळ्या झाडून टाकतो. अनवरी तिथेच उभी राहिली. चेंबरमध्ये गॅस भरतात, केळी पिकायला लागली की दार उघडतात, आणि ती हवा जाते कुठे? याच बोळात. बोळातून छोट्या खोलीत. खोलीत सफरचंदं, तीही पिकताना तोच गॅस सोडतात. हे तर गनीभाईंनीच तिला शंभर वेळा ऐकवलं होतं, की एक पिकलेलं फळ पेटीत राहिलं तर बाकीच्यांना पिकवतं. तिच्या कळ्या अकरा आठवडे त्या हवेत झोपल्या होत्या.

हे तिने घरी जाऊन, चहाबरोबर, हळूच सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मागच्या सालचा मांडव तिच्या डोक्यात होता. गनीभाई आले, त्यांच्यामागून प्रेमराज शेठ आले, पाच-सहा हमाल होतेच, आणि ती बोलून गेली.

"तुमच्या बोळात गॅस आहे. माझी फुलं त्यानेच मेली."

गनीभाईंचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. त्यांच्या चेंबरला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते बायकोने, तेही हमालांसमोर. केळीला जो गॅस पिकवतो तो फुलाला मारतो, हे आता मी घरातून शिकायचं का, असं त्यांनी विचारलं. शेठना मजा वाटत होती. त्यांनी विचारलं, "भाभी, कांदे दुसरीकडे ठेवूनही फूल नाही आलं तर?"

"तर याच फाटकात, सगळ्यांसमोर सांगेन," अनवरी म्हणाली. "चेंबर साफ होतं, चूक माझी होती."

आणि तिने पिशव्या उचलल्या. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. आता फूल आलं नाही, तर त्या फाटकात मान खाली घालून उभं राहायचं होतं. त्याहून वाईट म्हणजे जन्मभर प्रत्येक वाटाणा, प्रत्येक टोमॅटो गनीभाईंच्या सल्ल्याने खरेदी करायचा होता. फूल यायलाच हवं होतं.

गनीभाई आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी भिंतीकडे बघून मागायचे.

घरचा फ्रिज चार-पाच डिग्रीवर चालायचा. तिने छत्तीस कंदांच्या तीन कागदी पिशव्या केल्या, बारा-बारा, भोकं पाडून. एक वरच्या कप्प्यात आणि दोन खाली भाजीच्या बंद खणात. आणि घरात हुकूम काढला की नाताळापर्यंत फ्रिजमध्ये फळ नको. पेरू नको, चिकू नको, टोमॅटोसुद्धा नको. केळीवाल्याच्या घरात फळबंदी. पाहुणे मोसंबी घेऊन आले की ती टोपलीत, आणि टोपली थेट ओट्यावर. शेजारणी विचारायच्या, फ्रिजमध्ये नक्की ठेवलंय काय. ती म्हणायची, हिवाळा.

सहा आठवडे सगळं नीट चाललं. मग नोव्हेंबरात मुलगी शाझिया बाळंत झाली आणि अनवरीला पाच दिवस धुळ्याला जावं लागलं. नात झाली होती, गोरी-गोमटी, आणि अनवरी इतकी खुशीत की फ्रिजचा हुकूम गनीभाईंना पुन्हा ऐकवायचा राहून गेला. त्यांना तो पाठ होता, पण सैफ त्या वेळी रस्त्यावर होता. आधीच्या खेपांना सफरचंदं अम्मीच त्याच्या हातून घेऊन ओट्यावर ठेवायची, म्हणून त्याच्या कानावर ही गोष्ट कधी पडलीच नव्हती. तो दुसऱ्या दिवशी पहाटे आला, अब्बा कामावर, अम्मी धुळ्याला. दर खेपेला आणतो ती वीसेक सफरचंदं त्याने या वेळी स्वतःच फ्रिजच्या वरच्या कप्प्यात रचली आणि पुन्हा गाडी घेऊन निघून गेला. गनीभाई स्वतःहून फ्रिज कधी उघडत नाहीत. दूधही शेजारून गरम होऊन येत होतं.

अनवरी परत आली, हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती, आणि फ्रिज उघडला. सफरचंदांचा गोड वास भसकन अंगावर आला. चार दिवस. वरची पिशवी तर सफरचंदांच्या कुशीतच होती. ती तिथेच पाटावर बसली. रडू आलं म्हणून रडली.

गनीभाई संध्याकाळी आले. तिने त्यांना काही सांगितलं नाही. सगळी सफरचंदं ओट्यावर काढलेली होती, त्यावरून त्यांनी ओळखलं. त्यांना टोमणा मारायला याहून चांगली संधी मिळाली नसती, आणि अनवरी त्याचीच वाट बघत होती. तिने वरच्या पिशवीतला एक कंद घेतला आणि सुरीने उभा चिरला. मधोमध गव्हाच्या दाण्याएवढी कळी होती. टोकाला जराशी तपकिरी झाक होती, की तो सुरीचा गंज होता, ठरेना. गनीभाईंनी चष्मा लावला. केळं कापून गर बघतात तसा त्यांनी तो कंद दिव्याखाली धरून पाहिला, दोनदा उलटा-सुलटा केला, आणि खाली ठेवला.

मग ते उठले. सफरचंदांची पिशवी भरून शेजारी देऊन आले. फ्रिज बंद करून तिन्ही पिशव्या बाहेर काढल्या, दार सताड उघडलं, समोर टेबलफॅन लावला आणि अर्धा तास तिथेच उभे राहिले. गॅस भरायला रात्र लागते, काढायला अर्धा तास पुरतो, पण दोन वेळा हवा बदलायची, कोपऱ्यात राहतो, असं पुटपुटत त्यांनी खण काढून ओल्या कापडाने पुसले. ज्या गॅसने फुलाला काही होत नाही, तो गॅस काढायला हा माणूस एवढा घाम का गाळतोय, हे अनवरीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. बाईने कधी बोलू नये हेही तिला कळत होतं.

वरच्या पिशवीत अकरा उरले, खालच्या खणात चोवीस. तिने दोन्ही एकमेकांत मिसळू दिले नाहीत. डिसेंबरच्या वीस तारखेला कुंड्या भरल्या. आपली काळी माती पाणी धरते आणि कंद कुजवते, म्हणून निम्मी नदीची वाळू, थोडं शेणखत, खाली विटांचे तुकडे. चोवीस कंद चार कुंड्यांत. अकरा कंद दोन कुंड्यांत, आणि त्या दोघींना बाहेरून चुन्याची आडवी रेघ. सहाही कुंड्या गच्चीच्या उत्तरेकडच्या भिंतीशी, जिथे ऊन फक्त सकाळचं येतं, आणि भोवती ओली गोणपाटं. दुपारी ती दोनदा वर जाऊन गोणपाटं भिजवायची. टाकी दोनदा रिकामी झाली. खालून आंघोळीचा प्रश्न आला नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या कुंड्यांत पानं वर आली. इथवर मागच्या सालीही आली होती, म्हणून अनवरी हुरळली नाही. बारा तारखेला कळ्या दिसल्या, हिरव्या, पानांत लपलेल्या. मग तिची झोप उडाली. रोज सकाळी ती बोटाने कळी चाचपायची, कागद लागतो का बघायची. पाचव्या दिवशी रेघेच्या कुंडीत एका कळीला कागद लागला. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. आठवड्यात त्या दोन कुंड्यांतल्या सगळ्या कळ्या वाळल्या, अगदी मागच्या सालासारख्या. अनवरीचा धीर सुटत चालला.

आणि बाकीच्या चार कुंड्यांत देठ उंच होत राहिले. वीस तारखेच्या आसपास एका कळीच्या कडेला लाल रेघ दिसली. तिने डोळे चोळले. संध्याकाळपर्यंत अख्खी कळी लाल होती. तीन दिवसांत चोवीसपैकी बावीस उमलल्या, लाल, पिवळ्या, गुळगुळीत, ताठ, पेल्यासारख्या. यावलात, गनीभाईंच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. गल्ली जिना चढून वर आली. मुलं, म्हाताऱ्या, दोन रिक्षावाले, पोस्टमन. एका बाईने हात लावून बघितलं, प्लास्टिकचं तर नाही ना. अनवरी कोपऱ्यात उभी राहून सगळं बघत होती आणि हसू तिच्या चेहऱ्यावरून उतरत नव्हतं.

गनीभाई सगळे गेल्यावर आले. फुललेल्या चारही कुंड्या वाकून पाहिल्या. मग चुन्याच्या रेघेच्या कुंड्यांपाशी बसले आणि एक वाळकी कळी तोडून चुरगाळली.

रविवारी, पंचवीस तारखेला, दीपनगरचं प्रदर्शन. उन्हात ट्युलिप पसरतात म्हणून दिवस वर यायच्या आत निघायचं होतं. शेठनी केळीची पिकअप देऊ केली, ती गनीभाईंनीच नाकारली. त्यांनी एका भांडीवाल्याचा टेम्पो मागून आणला आणि तो दोनदा हुंगून पाहिला. चार कुंड्या चढल्या. अनवरी रेघेच्या दोन कुंड्याही चढवायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, मेलेली कशाला नेतेस. ती म्हणाली, पाहिजेत. त्यांनी उचलून दिल्या.

मांडवात सुलक्षणाताई या वेळीही टेबलापाशी आल्या, पण वाकायची गरज पडली नाही. त्यांनी अनवरीचे दोन्ही हात धरले. मागच्या वर्षी मी काय बोलून गेले हो, असं त्या म्हणाल्या. अनवरीने सांगितलं की तुम्ही बोलला नसता तर मी या साली एवढी पेटले नसते. गर्दी जमली. फोटो निघाले. कंदांच्या फुलांसाठी प्रदर्शनात वर्गच नव्हता, म्हणून परीक्षकांनी आयत्या वेळी विशेष बक्षीस काढलं आणि कुठूनतरी स्टीलचा मोठा जग आणून तिच्या हातात ठेवला. आणि ज्याने त्याने एकच विचारलं, या उन्हाच्या मुलखात हे कसं जमलं, आणि शेजारी ही वाळकी का ठेवलीत.

अनवरी सांगायला लागली. तिला वाटलं होतं की आपण हे तोऱ्यात सांगू. पण समोर भुसावळचे फळवाले उभे होते, गनीभाईंना उस्ताद म्हणणारे, आणि ती अडखळली. नवऱ्याचं नाव मध्ये आणायला तिची जीभ वळेना. तेव्हा गनीभाई गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी रेघेची कुंडी उचलून टेबलावर फुलांच्या बरोबरीने ठेवली.

"दोन्ही एकाच फ्रिजमधले," ते म्हणाले. "हे चार दिवस सफरचंदांजवळ होते, ते बंद खणात होते. गॅस लागला की केळं पिकतं, आणि यांची कळी आतल्या आत मरते. मी अडतीस वर्षं गॅस सोडतोय, मला हे माहीत नव्हतं. हिने एका हारावरून ओळखलं."

फळवाले ऐकत राहिले. एकाने तर कागद काढून लिहून घेतलं. अनवरीने हातातला जग टेबलावर ठेवला. तिचं काम झालं होतं. फाटकात मान खाली घालायची वेळ टळली होती, आणि दीपनगरच्या मांडवात, शंभर माणसांत, गनीभाईंनी स्वतः कबुली दिली होती. घरी जाऊन पाय पसरून चहा प्यायचा, एवढंच तिला हवं होतं.

परत येताना टेम्पो घराकडे वळला नाही. गनीभाईंनी तो सरळ फैजपूर रस्त्याला, कोल्ड स्टोरेजच्या फाटकापाशी थांबवायला सांगितला. अनवरीने विचारलं, इथे कशाला? ते उतरले. आतून शेठना बोलावलं, हमालांना बोलावलं, दार उघडं राहू नये म्हणून झुलालभाऊला चेंबर बंद करायला आत पाठवलं. बाकीचे सगळे फाटकात गोळा झाले. टेम्पोत मागे लाल-पिवळी फुलं डोलत होती.

"दसऱ्याला इथे एक बोलणं झालं होतं," गनीभाई म्हणाले. "फूल नाही आलं तर अनवरी इथे उभी राहून चूक कबूल करणार होती. फूल आलं. माझ्या बोळात गॅस होता. चूक माझी होती."

शेठनी पगडी घातली असती तर काढली असती, असे ते उभे होते. मग त्यांनी टेम्पोकडे येऊन अनवरीला विचारलं, आता तरी समाधान झालं का.

आता कोणतीही शहाणी बाई म्हणाली असती, जाऊ द्या, झालं गेलं. पस्तीस वर्षं अनवरी तेच म्हणत आली होती.

"झालं," ती म्हणाली. "पण झुलालभाऊ आत्ता आले आतून, त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा सांगायला सांगा."

गनीभाईंनी बायकोकडे पाहिलं. मिशीत हसले. आणि पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आधीपेक्षा मोठ्या आवाजात.